नक्षीताई छान म्हणाल्या

नक्षीताई कुणाला छान म्हणत नाहीत, हे बेकरीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून टाकायचं. उगाच त्याने मनाला लावून घेऊ नये म्हणून. ताईंचं काम केकवर नक्षी काढण्याचं. फिरत्या ताटावर केक ठेवायचा, आयसिंगची पिशवी मुठीत धरायची आणि फुलं, वेली, झालरी, कुणाकुणाची नावं काढत बसायचं. ह्या कामामुळेच त्यांना सगळे नक्षीताई म्हणत. हात मऊ, पण जीभ मात्र कोरडी. कुणी नवीन पाव करून समोर धरला तर त्या तुकडा मोडून खायच्या आणि म्हणायच्या, "भाजलाय." बस्स. भाजलाय एवढं ऐकायला मिळालं की करणारा खूश व्हायचा.

मोठ्या मालकांची तऱ्हा बरोबर उलटी होती. त्यांच्या जिभेवर पाक होता. गिऱ्हाईक दारात दिसलं की, "या, या! वा, काय रंग शोभतोय तुम्हाला! आणि तुमची निवड म्हणजे काय, आम्ही तुमच्याकडून शिकावं." गिऱ्हाईक फुलून खोका घेऊन गेलं की मालक पडदा सारून आत कारखान्यात यायचे आणि कपाळावर हात मारायचे. "गेली एकदाची! डोक्याचं भुसकट केलं." स्वतःलाही त्यांना स्तुती लागायची, सकाळच्या चहासारखी. भट्टीमास्तर ती न चुकता पुरवायचे. "मालक, आज शर्ट काय खुलतोय!" "मालक, तुमचा पायगुण बघा, भट्टी एका दमात तापली." नक्षीताई म्हणायच्या, "मालक, जरा सरकता का? उजेड अडतोय." मालक हसून सरकायचे.

ह्या सगळ्यात मैद्याच्या पोत्यांवर बसून एक मुलगी अभ्यास करायची. मालकांची लेक. जागेवर ठरायची नाही म्हणून ताई तिला भिंगरी म्हणायच्या. पडद्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही तिला ऐकू यायचं. एकदा तिने कणकेचं कासव करून वडिलांना दाखवलं. "अप्रतिम! स्वर्गीय!" वडील म्हणाले आणि बाहेर एका बाईंच्या टोपीला तेच दोन शब्द त्याच सुरात म्हणाले. मुलीने कासव ताईंपुढे आणून ठेवलं. ताईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्याला मान कुठाय?" मुलगी बसली पुन्हा मळायला.

मग ती मोठी झाली, बाहेर शिकली, दुसऱ्यांच्या बेकऱ्यांत राबली, आणि मालकांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा परत आली. आता तिला सगळे बाई म्हणू लागले. ताईंनीही जीभ वळवून "अहो बाई" म्हणायला सुरुवात केली, पण दर वेळी त्यांना आधी थोडं थांबावं लागे.

पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना भट्टीजवळ गोळा केलं.

"एकच गोष्ट सांगते. इथे लोणी फक्त केकला लावायचं. मला लावायचं नाही."

सगळे हसले. भट्टीमास्तरांनी तर टाळीच वाजवली. "वा बाई! काय बोललात! लाखात एक!"

मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. हात जोडलेले तसेच राहिले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि बाकीचे जमिनीकडे.

त्यानंतर बेकरीत कसं बोलावं हेच कुणाला कळेना. "बाई, आज लवकर आलात" हे म्हणावं की न म्हणावं? त्यात कौतुक आहे का टोमणा? काउंटरवाली मुलगी तर "नमस्कार" सुद्धा इतक्या कोरड्या आवाजात म्हणू लागली, की बाईंनी तिला बरं नाही का म्हणून विचारलं. भट्टीमास्तरांनी मात्र आठवड्याभरात वाट शोधली. एक दिवस गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुमच्यात एक मोठा दोष आहे. तुम्ही स्वतःच्या तब्येतीकडे अजिबात लक्ष देत नाही. सारखं आपलं काम, काम, काम." ताईंना पिशवी खाली ठेवावी लागली, इतकं हसू आलं. बाईंनाही आलं असावं, कारण त्या पाठमोऱ्या झाल्या.

दुकान बंद झाल्यावर बाई मागच्या ओट्यावर काहीतरी करून पाहत असायच्या. एका दुपारी त्यांनी एक ताट आणून मधल्या टेबलावर ठेवलं. नाशपाती आणि जाळलेल्या साखरेचा केक. वरून काही नाही, ना आयसिंग ना फूल. काळपट, ओलसर, दिसायला अगदी साधा.

"घ्या. आणि काय वाटतं ते सांगा. खरं."

सगळ्यांनी तुकडे उचलले. चघळायला जरा जास्तच वेळ लावला. काउंटरवाली म्हणाली, "वेगळा आहे." भट्टीमास्तर डोळे मिटून म्हणाले, "साखर किंचित पुढे गेलीय, बाई. किंचितच." दोष काढायचाच तर असा, की कुणाला बोचू नये.

नक्षीताईंनी शेवटी घेतला. त्यांच्या हाताला गुलाबी रंग लागलेला होता म्हणून त्यांनी तुकडा बोटांच्या टोकांत धरला. तोंडात टाकला. आधी कडू लागलं, मग तो कडूपणा विरघळत नाशपातीच्या गोडीत गेला, आणि मग काहीतरी तिसरंच, त्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. त्या उभ्या होत्या तशाच राहिल्या.

"असा केक मी आजवर खाल्ला नाही," त्या म्हणाल्या. "फार सुंदर झालाय."

बाईंचे कान लाल झाले. "हं," म्हणून त्यांनी रिकामं ताट उचललं आणि सामानाच्या खोलीत निघून गेल्या.

"आई गं," काउंटरवाली हळूच म्हणाली.

संध्याकाळी ॲप्रन बदलायच्या खोलीत ताईंना सगळ्यांनी घेरलं.

"ताई, मानलं तुम्हाला!" काउंटरवाली म्हणाली. "इतकी वर्षं दारूगोळा जपून ठेवलात आणि नेमक्या वेळेला उडवलात."

"कसला दारूगोळा?"

"काय ताई! कारखान्याचा मुख्य नेमणार आहेत ना बाई? महिनाअखेरीला. तुम्हाला माहीत नाही होय?"

ताई ॲप्रनची गाठ सोडता सोडता थांबल्या. माहीत नव्हतं का? चहाच्या वेळी मास्तर काहीतरी सांगत होते खरे, आतलं सगळं बघायला एक माणूस हवाय म्हणून. ताई तेव्हा लग्नाच्या केकच्या पाकळ्या करत होत्या. कानावर पडलं होतं. आत गेलं होतं की नाही, कोण जाणे.

"मी त्यासाठी नाही बोलले."

"आम्ही कुठं म्हणतो त्यासाठी!" भट्टीमास्तर मोज्यात पाय घालत म्हणाले. त्यांचा सूर दुखावल्यासारखा होता. "पण ताई, आम्ही रोज लावतो ते लोणी कुणी मोजत नाही. तुम्ही एकदाच लावलंत, तर अख्खा डबाच उपडा केलात. आमची पंचाईत झाली की!"

सगळे हसले. ताईही हसल्या, पण घरी जाताना बसमध्ये तोंड कडू कडू होतं. साखरेमुळे असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि लेक कॉलेजात.

"म्हणजे आई, तू इंप्रेशन मारलंस," लेक म्हणाली.

"मारलं नाही गं. पडलं असेल."

"मग ते शायनिंग मारणं झालं."

"तुमचं आपलं सगळं मारणंच," सासूबाई म्हणाल्या. त्यांना शब्दांची फार आवड. सगळं आयुष्य लोकांची बोलणी जोडून देण्यात गेलेलं. "आमच्या ऑफिसात प्रत्येकाला वेगळा शब्द होता. एक जण साहेबांच्या आगेमागे करायचा, दार उघड, छत्री धर. तो पुढेपुढे करणारा. दुसरी साहेबांचं वाक्य संपायच्या आत 'अगदी बरोबर' म्हणायची. ती री ओढणारी. एक होता, त्याला आम्ही होयबा म्हणायचो. आणि एक तर असा गोंडा घोळायचा, की बघणाऱ्याला लाज वाटावी."

"मग मी ह्यातली कोण?"

सासूबाईंनी घास चावत विचार केला. "तू काय, बाई. ह्यात मोडत नाहीस तू. पण आता असं बघ, मर्जी राखणं वेगळं आणि मन राखणं वेगळं. मर्जी राखतो ती आपल्या फायद्यासाठी. मन राखतो ते समोरच्यासाठी."

"पण मी काहीच राखलं नाही हो. केक चांगला होता म्हणून बोलले."

"नुसतंच?"

"नुसतंच."

"आणि जागेचं तुझ्या कानावर आलं होतं?"

"आलं होतं. पण तेव्हा डोक्यात नव्हतं."

"डोक्यात नव्हतं हे तुला कसं माहीत?" नवऱ्याने विचारलं. त्याने ते चिडवायला विचारलं नव्हतं. लिफ्ट मधेच अडकली तर तो असंच विचारायचा, कुठून कुठवर आवाज आला, आधी काय दाबलंत. "आणि दुसरं एक विचारू? केकला सुंदर म्हणालीस. मी दिवाणखान्याला रंग दिला तेव्हा काय म्हणालीस आठवतं?"

"काय म्हणाले?"

"'वाळला का?'"

लेक खो खो हसली. सासूबाई पण हसल्या. ताईंना मात्र ते आठवून एकदम कसंतरी झालं. रंग त्यांना आवडला होता. त्या बोलल्या नव्हत्या एवढंच. मग इथे न बोललेलं तिथे का बोलल्या?

दुसऱ्या दिवशी त्या लवकर गेल्या. शीतकपाटात कालच्या केकचा एक तुकडा कागदात गुंडाळलेला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी तो खाल्ला. चव घेताना डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. केक थंडगार होता. कडूपणा होता. नाशपाती होती. पण ते तिसरं काही सापडेना. मास्तर म्हणाले ते खरं, साखर किंचित पुढे गेली होती. की मास्तर म्हणाले म्हणून आता ती पुढे गेल्यासारखी वाटत होती? थंडीने चव मरते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांचं समाधान होईना. काल जिभेला लागलं ते खरं, की आज लागतंय ते?

आणि कालचं खरं नसेल, तर बोललं कोण?

त्या दिवसापासून ताई गप्पच झाल्या. आधीही फार बोलत नव्हत्या, पण ते गप्प राहणं वेगळं होतं. आता बाई जवळून गेल्या की त्यांचा हात थबकायचा आणि गुलाबाची पाकळी जाड व्हायची. बाईंनी "उद्या लवकर याल?" विचारलं तर "येईन" म्हणतानाही, हे आपण पुढेपुढे करतोय का, अशी शंका यायची. एकदा बाईंच्या पाठीला पीठ लागलेलं दिसलं. पूर्वी त्यांनी सरळ झटकलं असतं. आता हात उचलला आणि मागे घेतला. बाई तशाच, पाठीवर पांढरा पंजा घेऊन, दिवसभर फिरल्या.

मग बाईंनी तो केक पुन्हा केला. साखर कमी जाळलेली, वर बदामाचा पातळ थर. ताट त्याच टेबलावर आलं. ह्या वेळी बाईंनी बाकीच्यांकडे बघितलंही नाही.

"ताई, आता?"

सगळ्यांच्या माना वळल्या. ताईंनी तुकडा तोंडात घातला. बरा होता. चांगलाच होता, कदाचित. पण आपल्याकडे मास्तर कसे बघतायत, काउंटरवालीने ओठ कसे दाबून धरलेत, हेच त्यांना जास्त कळत होतं. जीभ त्या सगळ्यांच्या तोंडात असल्यासारखी झाली होती.

"नाशपातीची साल जाड राहिलीय," त्या म्हणाल्या. आवाज मनात होता त्याहून मोठा निघाला. "वरचा थर चिवट आहे. आणि उगाच सजवल्यासारखा वाटतो. ह्याच्यात काही नाही."

बोलून झाल्यावर त्यांनाच धक्का बसला. बाईंनी स्वतः एक तुकडा खाल्ला. सावकाश चावला.

"मग पहिला खरंच..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिलं. ताट तिथेच ठेवून त्या गेल्या.

"हा डाव तर आणखी भारी," काउंटरवाली कुजबुजली. "आधी झाडावर चढवायचं, मग खालून हलवायचं."

भट्टीमास्तरांनी आणखी एक तुकडा उचलला आणि भट्टीकडे तोंड करून, कुणाला दिसणार नाही असा, खाल्ला.

त्याच आठवड्यात मोठे मालक काठी टेकत दुकानात आले. त्यांना खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. बाईंनी पहिल्या पद्धतीचाच केक, ताजा, अजून कोमट, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ॲप्रनला हात पुसत उभ्या राहिल्या. हात कोरडे होते, तरी पुसत राहिल्या. ताई पडद्याजवळ पिशवी भरत होत्या. त्यांना बाईंचा चेहरा समोरून दिसत होता.

मालकांनी घास घेतला. डोळे मोठे केले. काठी जमिनीवर आपटली.

"अप्रतिम! स्वर्गीय! वा, वा, वा! पोरी, तू तर कमाल केलीस! असा केक ह्या गावात झाला नाही आणि होणार नाही!"

बाई हसल्या. ओठ हसले. डोळ्यांतलं काहीतरी मात्र विझलं, हे ताईंनी पाहिलं. मालकांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, दुसरा तुकडा मागितला, तोही संपवला. त्यांना खरंच आवडला होता. पण त्यांच्याजवळ खऱ्यासाठी वेगळे शब्द उरलेच नव्हते. सगळे शब्द त्यांनी टोप्यांवर, शर्टांवर, गिऱ्हाइकांच्या निवडीवर खर्चून टाकले होते.

मालक गेल्यावर बाई सामानाच्या खोलीत जाऊन बसल्या. ताई थोडा वेळ बाहेर घुटमळल्या. आत गेलं तर काय म्हणतील सगळे? न गेलं तर? मग त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्या आत शिरल्या.

बाई मैद्याच्या पोत्यांवर बसल्या होत्या.

"ऐकलंत ना, ताई?"

"ऐकलं."

"त्यांना आवडला असेल. मला माहितीय, आवडलाच असेल. पण मी मीठ घातलेलं पाणी दिलं असतं, तरी ते स्वर्गीयच म्हणाले असते."

ताई समोरच्या साखरेच्या डब्यावर टेकल्या.

"तुम्हाला सांगू?" बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही बोललात ना, तेव्हा मी इथे येऊन रडले. मूर्खासारखी. मला वाटलं, झालं, आता कुणी काही म्हणो. भाजलाय म्हणणारी बाई सुंदर म्हणाली. मी त्या रात्री नवऱ्याला दहादा तेच तेच सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले, सहज, काही लावालावी करायला नाही, की नक्षीताईंना त्या जागेचं कळलंय, बरं का. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मी तो केक चार वेळा केला. मला आता त्याची चवच लागत नाही."

"मला पण नाही लागत," ताई म्हणाल्या.

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे, मी दुसऱ्या दिवशी चोरून खाल्ला. शोधत होते. सापडेना."

बाहेर कुणीतरी ट्रे आदळला.

"ताई, एकच विचारते. जागेचं माहीत होतं?"

ताईंना सरळ नाही म्हणता आलं असतं. बाईंचा चेहरा नाही ऐकायला इतका आसुसलेला होता, की नाही म्हणणं सोपं होतं. पण तेच तर मन राखणं झालं असतं. की मर्जी राखणं? सासूबाईंनी काय सांगितलं होतं? त्यांना काही आठवेना.

"कानावर आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुकडा तोंडात घातला तेव्हा डोक्यात नव्हतं. निदान मला तसं वाटतं. आत कुठे दडून बसलं असेल तर मला कसं कळणार? मी बोलले ते आपोआप निघालं तोंडातून. माझ्या तोंडातून तसं निघत नाही कधी, हे तूही... तुम्हीही जाणता. म्हणून मलाच भीती वाटायला लागली, की हे काय निघालं."

"तू म्हणा हो."

"ते आणि नको. लोक म्हणतील, आता तर अरे-तुरेवर गेली."

बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "खुशामत करणारं माणूस असं उत्तर देणार नाही."

"फार हुशार असेल तर हेच देईल," ताई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ताई बाईंकडे. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, गर्दीत वाट चुकलेल्या दोन माणसांनी एकमेकांना पत्ता विचारावा तसा.

"आणि दुसऱ्या वेळचा?" बाईंनी विचारलं. "त्यात खरंच काही नव्हतं?"

"होतं. साल जाड होती, ते खरं. बाकी मी मास्तरांसाठी बोलले. म्हणजे त्यांना दाखवायला, की मी लोणी लावत नाही."

"म्हणजे मला खूश करायला नाही, तर त्यांना."

"हो. तसंच काहीतरी."

"अरे देवा," बाई म्हणाल्या आणि पोत्याला डोकं टेकून डोळे मिटले.

महिनाअखेरीला कारखान्याचे मुख्य म्हणून भट्टीमास्तरांचं नाव जाहीर झालं. ताईंना बाईंनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं.

"मास्तर मला लोणी लावतात, हे मला समजतं," बाई म्हणाल्या. "त्यामुळे त्रास होत नाही. ते दहा शब्द बोलले की मी आठ गाळते, दोन ठेवते, काम होतं. आणि भट्टी त्यांच्यासारखी कुणाला कळत नाही, हेही आहेच. तुमचं एक वाक्य मात्र मला झोपू देत नाही. रोज तसं व्हायला लागलं तर मी वेडी होईन, ताई."

ताईंना वाईट वाटलं का? वाटलं. जागा हवी होती असं त्यांना तोवर वाटलं नव्हतं. आता ती नाही म्हटल्यावर चुटपुट लागली. म्हणजे हवी होती तर! म्हणजे ते आत दडलेलं खरंच होतं? की नाही म्हटल्यावर कुठलीही गोष्ट हवीशी वाटते, तेवढंच हे होतं? त्यांनी रात्री नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मला लिफ्टचं विचार." मग थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "तो दिवाणखान्याचा रंग चांगला आहे." तो उठून बसला. "काय हवंय तुला?"

मास्तर मुख्य झाल्यावर बदलले नाहीत. उलट ताईंशी बोलताना जरा ओशाळल्यासारखे असायचे. एक दिवस चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "मी बाईंना तसं बोलायला नको होतं. पण ताई, माझं सगळं आयुष्य छान छान म्हणण्यात गेलं, आणि एवढं सगळं म्हणूनही माझ्या शब्दांना तुमच्या एका छानची किंमत कधी आली नाही. त्या दिवशी ते सहन झालं नाही."

"तो केक तुम्हाला आवडला होता का?" ताईंनी विचारलं.

मास्तरांनी डोकं खाजवलं. "आवडला असं वाटतं. पण खरं सांगू, आता मालकाच्या हातचं काही खाल्लं की मी आधी चेहरा करतो, मग चव घेतो. सवय झालीय."

केक दुकानात विकायला ठेवला. काही गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा तोच मागायची. काहींनी एकदा नेला, पुन्हा नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जळलेला केक विकता म्हणून भांडण केलं. एक बाई काउंटरवर उभ्या उभ्या खाऊन काही न बोलता डोळे पुसत गेल्या. पण त्यांना कदाचित दुसरं काही आठवलं असेल. म्हणजे त्या केकचा निकाल शेवटपर्यंत लागलाच नाही. बाईंनी तो कधी बदलला नाही आणि पुन्हा कुणाला त्याच्याबद्दल विचारलंही नाही. आता त्या काही नवीन केलं की एक तुकडा ताईंच्या फिरत्या ताटाशेजारी ठेवून निघून जायच्या, उत्तराची वाट न बघता. ताई खायच्या. कधी संपवायच्या, कधी अर्धा तसाच राहायचा. बाई नंतर येऊन रिकामी किंवा अर्धी बशी उचलायच्या. पण ताईंना शंका यायची, आपण बशी संपवतो ती भूक आहे म्हणून की बाईंनी बघावी म्हणून. मग त्या मुद्दाम एक घास उरवायच्या. मग तोही डाव वाटून खाऊन टाकायच्या.

एका शनिवारी ताई एका मोठ्या केकवर पांढरी फुलं काढत होत्या. जाईची, बारीक, एकावर एक. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. ताईंच्या ते लक्षात आलं तरी त्यांनी हात थांबवला नाही.

"सुरेख झालीत फुलं," बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे ताईंना ह्या बेकरीत कुणी म्हटलंच नव्हतं. मोठे मालक रोज म्हणायचे, पण ते म्हणणं म्हणजे दाराची घंटा वाजण्यासारखं होतं. ताईंच्या हातातली पिशवी नकळत जोरात दाबली गेली आणि एका फुलावर ठिपका पडला. त्या मागे वळल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, काय ते ठरलं नव्हतं.

"आणि ताई," बाई म्हणाल्या, "उद्या रविवार आहे, मला माहितीय. पण एक मोठी ऑर्डर आलीय. येऊ शकाल का?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाईंच्या लक्षात आलं बहुतेक, कारण त्यांचे कान लाल झाले.

"नाही, म्हणजे फुलांचं ते वेगळं होतं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "खरंच वेगळं होतं. ते मी आधी..."

"येईन," ताई म्हणाल्या.

बाई गेल्या. ताईंनी सुरीच्या टोकाने तो ठिपका अलगद काढला आणि त्या जागी आणखी एक फूल काढलं. काढून झाल्यावर मान तिरकी करून पाहिलं. सुरेख होती का फुलं? त्या पहिल्यांदाच स्वतःच्या नक्षीकडे तशा बघत होत्या. जवळून बघितलं, मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, मग खिडकीच्या उजेडात ताट फिरवून. त्यांना काही सांगता येईना.